दारावर शके १८३४ कोरलंय, पण माडी वेगळंच सांगते: आमचा वाडा नेमका कधीचा आणि कोणत्या धाटणीचा?

मांजराकाठ :

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. वाड्याचे फोटो सोबत टाकलेत.

आमचा वाडा लातूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर, मांजरा नदीच्या अंगाला असलेल्या गावात आहे. पूर्वेला तोंड. कमरेएवढं दगडी जोतं, वर काळ्या दगडाची भिंत, मोठं सागवानी दार आणि त्यात दिंडी. आत शिरलं की दोन्ही हातांना ढाळज, म्हणजे बसायची ओसरी, मग चौक, चौकाच्या चारी बाजूंना सोपे, पश्चिमेला माजघर, त्याला लागून देवघर, आणि माजघराच्या भिंतीतच धान्याचं बळद. मागं परसात आड. एवढं सगळं माळवदी, म्हणजे वर मातीचं सपाट छत. पण दाराच्या बरोबर वर माडी आहे आणि ती बाकी वाड्यासारखी दिसत नाही. तीन गोल कमानी, कमानींत अर्धवर्तुळात बसवलेल्या लाल-निळ्या-हिरव्या काचा, पुढं ओतीव लोखंडाचा कठडा आणि वरच्या काठावर चुन्यात घडवलेले कलश. गावात तिला अजून 'बंगला' म्हणतात.

आज्जा सांगायचे की वाडा पेशवाईतला. पण दाराच्या गणेशपट्टीच्या खाली कोरलंय : शके १८३४ परिधावी. लहानपणापासून ते वाचत आलो, अर्थ कधी विचारला नाही.

आता विचारायची वेळ आली. चार चुलत्यांचे मिळून आम्ही नऊ हिस्सेदार आहोत. वाड्यात आता कुणीच राहत नाही. महिन्याभरापूर्वी लाकडाचा एक व्यापारी येऊन खांब, हस्त, तुळया नगावर मोजून गेला आणि भावकीला आकडा सांगून गेला. दिवाळीनंतर बसून ठरवायचंय. १९९३ च्या भूकंपात मागची भिंत फुगली ती तशीच आहे, त्यामुळं 'पडायच्या आधी विका' हे म्हणणं अगदीच चुकीचं आहे असंही मला म्हणता येत नाही. पण काय विकायलोय ते तरी आधी कळावं, एवढीच इच्छा आहे. माझे तीन प्रश्न : वाडा कधीचा, याला कोणती शैली म्हणायची, आणि तो उभा ठेवता येईल का?


ढाळजेतली :

दादा, फोटो पाहून पोटात तुटलं. माझं माहेर उमरग्याकडं. आमचीही ढाळज अशीच होती. दुपारी आजोबा तिथं पडायचे, वाटसरू तिथंच पाणी प्यायचा, पोस्टमन तिथंच टपाल वाचून दाखवायचा. आम्ही पोरी मात्र चौक ओलांडून ढाळजेत आलो की लगेच आत पिटाळायचे. पुण्याकडच्या वाड्यांत याला देवडी म्हणतात, आपल्याकडं ढाळजच. हा शब्द जपा.

पेशवाई १८१८ ला संपली आणि शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे तुमची गणेशपट्टी १९१२ ची. तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य होतं, मीर उस्मान अली खान गादीवर येऊन एकच वर्ष झालं होतं. आपल्या भागात जुनं दिसेल ते पेशवाईतलं म्हणायची सवय आहे. आज्जांनी खोटं नाही सांगितलं, त्यांच्यासाठी ते 'फार जुनं' एवढंच होतं.


मोडीलेखक :

ढाळजेतली ताईंचा हिशोब बरोबर आहे. चैत्रात शक बदलतो, म्हणून शके १८३४ म्हणजे १९१२ चा गुढीपाडवा ते १९१३ चा गुढीपाडवा.

संवत्सराचं नाव दिलंय ते फार कामाचं आहे. साठ संवत्सरांचं चक्र असतं, प्रभवपासून क्षयपर्यंत. परिधावी त्यातला सेहेचाळिसावा. शके १८३४ ला परिधावीच येतो, म्हणजे आकडा आणि नाव जुळतात. हे जुळणं महत्त्वाचं, कारण मागाहून कुणीतरी आठवणीनं कोरलेल्या तारखांत नेमकी इथंच चूक सापडते. (पुढचा परिधावी शके १८९४ ला आला, म्हणजे १९७२. ज्यांनी तो दुष्काळ काढलाय त्यांना ते वर्ष सांगायला नको.)

एक सावधगिरी. तारीख दारावर आहे, म्हणजे ती दाराची तारीख आहे. सागवानी चौकट ही घरातली सगळ्यांत महाग वस्तू. जुन्या घराची चौकट नव्याला बसवायचे, आणि नवी चौकट जुन्या घरालाही. घरात चोपड्या, खतं, मुद्रांकाचे कागद काही आहेत का बघा. आपल्याकडचे जुने सरकारी कागद उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या कालगणनेत असतात, घरचा हिशोब मात्र मोडी लिपीत. मिळाले तर फोटो टाका, वाचून देतो.


आर्किटेक्ट_अंबाजोगाई :

मांजराकाठ, सुंदर घर आहे. उत्तर द्यायच्या आधी मला काही गोष्टी लागतील. माडीच्या जमिनीखाली, म्हणजे ढाळजेच्या छताला काय आहे? लाकडी कड्या-पाट की लोखंड? लोखंड असेल तर त्याच्या मधल्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरं असतात, गंज घासून वाचा. माडीत फरशी कुठली? आणि सोप्यातल्या दोन खांबांमधलं अंतर मोजा, माडीच्या कमानींचंही मोजा.


मांजराकाठ :

रविवारी जाऊन आलो. चुलतभावाचा मुलगा सोबत होता, त्यालाच शिडीवर चढवला.

ढाळजेच्या छताला लोखंडी गर्डर आहेत, अकरा. चुन्याच्या रंगाखाली झाकलेले होते, आम्ही आजवर ते लाकडाचेच समजत होतो. गर्डरांच्या मध्ये शहाबादी फरशा टाकल्यात, त्यावर कोबा. एका गर्डरवर अक्षरं मिळाली : डॉरमन लाँग, मिडल्सबरो, इंग्लंड. पोरगा दहावीला आहे, तो ते वाचून इतका हरखला की उरलेल्या दहाही गर्डरांचा गंज त्यानंच घासला. चारांवर तेच नाव निघालं.

सोप्यातल्या खांबांतलं अंतर सगळीकडं एकच, सव्वापाच फूट. कमानींचं मात्र सात फूट, आणि त्या खालच्या खांबांच्या रांगेत येत नाहीत.


आर्किटेक्ट_अंबाजोगाई :

तुमच्या शेवटच्या वाक्यातच बरंच उत्तर आहे.

मागचा सगळा वाडा खणाच्या हिशोबानं बांधलाय. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. आपल्या सुताराचं घर खणात मोजलं जायचं, तीन खणी, पाच खणी, सात खणी, बहुधा विषम. आधी तळखड्यावर खांब उभे राहायचे, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचं, म्हणजे लाकडाच्या चिपा, आणि मग माती. म्हणजे भिंत बांधायच्या आधीच लाकडाचा सांगाडा उभा असायचा. खरं घर तो सांगाडाच. भिंत बरीचशी आडोशासाठी, चोरासाठी आणि उन्हासाठी. दगड इथलाच, माती इथलीच, साग बहुधा किनवट-माहूरच्या किंवा आदिलाबादच्या जंगलातला. या घराला शैलीचं नाव द्यायचं तर 'दख्खनी माळवदी वाडा' म्हणा. चौक आहे म्हणून त्याला पुण्याच्या वाड्याचा धाकटा भाऊ समजायचं कारण नाही. पुण्याचा वाडा वरचे मजले विटांनी चढवतो आणि वर उतरतं छप्पर घालतो. आपला पसरत जातो आणि वर सपाट राहतो, कारण आपल्याकडं पाऊस कमी आणि ऊन फार. दोन-अडीच फूट जाड भिंत आणि हातभर माती, यामुळं मे महिन्यात माजघरात पाय टाकल्यावर जो गारवा लागतो तो इथल्या प्रत्येकानं अनुभवलेला असेल.

माडीला हा हिशोब लागू नाही. ती सुतारानं नाही, लोखंडाच्या लांबीनं ठरवलीय. गर्डर सात फुटांवर टेकवता येतो म्हणून कमान सात फुटांची झाली, खाली खांब कुठं आहे हे पाहायची गरजच उरली नाही. पुढं व्हरांडा, गोल कमानी, रंगीत काचा, कठडा, कलश : हा सगळा ऐवज हैदराबादच्या देवड्यांतून (तिथं देवडी म्हणजे सरदाराची हवेली) आणि छावणीच्या बंगल्यांतून आलेला आहे. हैदराबाद कंटिंजंट ही फौज १९०३ पर्यंत होती आणि तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबादला, म्हणजे आमच्या अंबाजोगाईला होत्या. त्या बंगल्यांवर काम केलेले गवंडी इथलेच. हात इथला आणि नमुना तिथला, असं ते मिश्रण आहे.

बरेच जण अशा कमानी दिसल्या की 'इंडो-सारसेनिक' म्हणून मोकळे होतात. कृपा करून म्हणू नका. तो शब्द हैदराबादच्या हायकोर्टाला किंवा उस्मानिया रुग्णालयाला शोभतो. व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदानं ठरवून, नकाशे काढून केलेलं ते सरकारी काम. तुमच्या माडीचा नकाशा कागदावर निघाला असेल असं मला वाटत नाही. मालकानं कुठंतरी पाहिलं, गवंड्याला सांगितलं, आणि गवंड्यानं चुन्यात ते साधलं.

आता काळाचं. इंग्लंडचा गर्डर तुमच्या गावात कसा आला असेल? मुंबईहून मोठ्या गाडीनं बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, तिथं उतरवून बार्शी लाइट या छोट्या रेल्वेच्या अडीच फुटी रुळावर, आणि लातूरपासून बैलगाडीनं. बार्शी लाइट १८९७ ला सुरू झाली, पण लातूरला पोचली १९११ ला. म्हणजे माडी १९११ च्या आधीची असण्याची शक्यता फार कमी. माझा अंदाज, माडी दारापेक्षाही दहा-पंधरा वर्षं उशिराची.


चुनाघाणी :

आमच्या चार पिढ्या गवंडीकामातल्या. फोटो क्रमांक ७ मोठा करून पाहिला. कलशाची पाकळी अजून धारदार आहे. तो चुना घाणीचा आहे, त्याशिवाय शंभर वर्षं धार राहत नाही.

घाणी म्हणजे काय हे पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. जमिनीत गोल चर, चराला दगडी बांधणी, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. भिजवलेली चुनकळी आणि वाळू त्यात तासन् तास मळायची. बारीक कामाच्या चुन्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालायचे. आमचा आज्जा चुना जिभेवर ठेवून तयार झालाय का सांगायचा.

एक कळकळीनं सांगतो. कुणीही आलं आणि म्हणालं की सिमेंटचं प्लास्टर मारून देतो, तर मारू देऊ नका. भिंत मातीत बांधलेली आहे. ती पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. बाहेरून सिमेंट मारलं की ओल आत कोंडते. मग आतली माती सुटते आणि भिंतीत गेलेली तुळईची टोकं कुजतात. बाहेरून भिंत नवी दिसते आणि आत लाकूड बोटानं निघतं. मी स्वतः अशा तीन घरांच्या तुळया बदलल्यात. चुना आजही मिळतो, चार दिवस आधी भिजवायचा धीर मात्र लागतो.


सूनबाई_उदगीर :

मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नये.

मी अशाच वाड्यात लग्न होऊन आले आणि तेवीस वर्षं नांदले. सगळे ढाळज आणि कमानीबद्दल बोलताहेत. माजघराला एक खिडकी नव्हती. उजेड यायचा तो वरच्या साण्यातून, भाकरीएवढा गोल. पावसात साणं झाकलं की दिवसा दिवा लावून स्वयंपाक. चूल तिथंच, धूर तिथंच, बाळंतीणही त्याच्याच पलीकडच्या खोलीत. माळवद गळायला लागलं की रात्री उठून घंगाळं मांडायची. मृगाच्या आधी पांढरी माती वर टाकायची तेव्हा पाट्या वाहिल्या त्या आम्हीच. माझ्या सासूबाईंचे डोळे धुरानं गेले.

वाडा पाडा असं मी म्हणत नाही. पण तो ठेवायचा असेल तर जसाच्या तसा ठेवा असं म्हणू नका. माजघराला खिडकी पाडा, संडास आत घ्या, पाण्याचा नळ आत घ्या. बायकांना राहता येईल असा करा, मग तो राहील. आमच्या घरातल्या एकाही सुनेला तो वाडा पडल्याचं दुःख झालं नाही, आणि मला ते समजतं.


ढाळजेतली :

सूनबाई, राग कसला. माझ्या आईनं हेच सगळं काढलं, आणि मी मात्र ढाळजेच्या आठवणी लिहीत बसले. मी तिथं लेक होते, तुम्ही सून होतात, एवढा फरक पडतो. माळवदावरचं वाळवण आठवतं मला, सांडगे, कुरडया, आणि एका माळवदावरून दुसऱ्यावर उडी मारत गल्लीच्या टोकापर्यंत जाणं. आई मात्र त्या माळवदावर मातीची पाटी घेऊनच चढलेली आठवते.


पुनर्वसित :

मी बऱ्याच वेळा लिहायला घेतलं आणि पुसलं.

आमचं गाव ५२ गावांपैकी एक, किल्लारीच्या भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपतीचं विसर्जन झालं, माणसं दमून झोपली होती. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. आमच्या घरातली तीन. मी नऊ वर्षांचा होतो आणि त्या रात्री मामाकडं होतो.

मांजराकाठ दादा, तुम्ही तिसरा प्रश्न विचारला म्हणून लिहितोय. दुसऱ्या दिवशी मला जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. आमच्या घराचे खांब उभे होते. तुळया उभ्या होत्या. भिंती मात्र दोन्ही बाजूंना फाटून पडल्या होत्या, आतली आत, बाहेरची बाहेर. ज्या खोल्यांना खांब नव्हते, तुळया थेट भिंतीवर टेकलेल्या होत्या, त्या सगळ्या मातीसकट खाली आल्या होत्या. आमची माणसं त्या खोलीत होती.

त्यानंतर गावोगावी लोकांनी दगड आणि लाकूड नको म्हटलं. जे उभे होते ते खांबसुद्धा विकले. त्यांना मी दोष देणार नाही. पण मोठा झाल्यावर मी इंजिनिअरांना विचारत फिरलो, आणि मला कळलं की आमच्या घरातले खांब त्या माणसांना वाचवायला तयार होते, फक्त त्या खोलीत ते नव्हते.

तुमची मागची भिंत फुगलीय म्हणता. तिथं माजघराच्या तुळया खांबावर आहेत की भिंतीवर? आधी हे बघा. तोपर्यंत त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका.


आर्किटेक्ट_अंबाजोगाई :

पुनर्वसित, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत.

त्यांनी जे पाहिलं त्याचं कारण सांगतो. आपली दगडी भिंत दिसायला एक, पण असतात दोन. बाहेर एक पदर, आत एक पदर, मध्ये खडी-माती भरलेली. दोन्ही पदरांना आरपार जाऊन बांधून ठेवणारा लांब दगड फार थोड्या भिंतींत घातलेला असतो. घर हललं की दोन पदर एकमेकांपासून सुटतात. भिंत 'फुगली' म्हणतात ती हीच स्थिती, ते सुटणं अर्ध्यावर थांबलेलं असतं.

त्यावर माळवदाचा भार. दरवर्षी वर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, त्यामुळं सुरुवातीला वीतभर असलेला थर हातभर होतो. मांजराकाठ, माजघराचं माप द्या आणि माती किती आहे ते एका कोपऱ्यात उकरून बघा.

यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. वरची माती सहा-आठ इंचांवर आणायची, खाली प्लॅस्टिकचा जाड कागद घालून पाण्याचा उतार नीट द्यायचा. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं दोन्ही बाजूंना तिरके लाकडी ठेपे मारायचे, म्हणजे सांगाडा लोलकासारखा हलणार नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर एकेक दगड काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्हीकडं आकडा केलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदर बांधले जातात. नव्यानं भिंत रचताना आरपार दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर यायला हवा, हे आयएस १३८२८ या मानकात स्पष्ट दिलंय. फुगलेला भाग मात्र उतरवूनच पुन्हा रचावा लागेल. आणि चुनाघाणी काका म्हणतात ते चुन्याचं पाळा, काँक्रीट फक्त त्या भोकापुरतं.

१९९३ ला आपला भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या नकाशात लातूर तिसऱ्या क्षेत्रात आलं. म्हणून 'पुन्हा थोडंच होतंय' यावर घर ठेवू नका.


मांजराकाठ :

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, पण कामाला लागलो होतो.

पुनर्वसित भाऊ, तुमचं लिहिणं मी भावकीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

माजघराच्या तुळया एका अंगाला खांबावर आहेत, पण पश्चिमेला थेट भिंतीवर, आणि तीच भिंत फुगलेली. माजघर दहा फूट बाय तीस फूट. कोपऱ्यात उकरलं तर माती बावीस इंच निघाली.

दुसरं म्हणजे, बळदाच्या वरच्या कोनाड्यात पितळी डब्यात चोपडी सापडली. मोडीच दिसते. चार पानांचे फोटो टाकतोय.


आर्किटेक्ट_अंबाजोगाई :

तीनशे चौरस फूट, बावीस इंच, म्हणजे साडेपाचशे घनफूट माती. घनफुटाला ४५ किलो धरले तर जवळजवळ पंचवीस टन. कोरडी असताना. आठ इंच ठेवली तरी सोळा टन उतरतात. ही माती आधी काढा, भावकीचा निर्णय काहीही होवो. पण उतरवताना एका बाजूनं सगळी काढू नका, थोडी इकडची थोडी तिकडची असं करत या, आणि भिंतीला त्याआधी ठेपे द्या.


मोडीलेखक :

चोपडी वाचली. आनंदाची गोष्ट आहे, सविस्तर लिहितो.

पहिल्या दोन पानांवर बी-बियाणं आणि गड्यांचा हिशोब आहे. तिसऱ्या पानाच्या माथ्यावर आहे : 'बंगल्याचे खर्चाची याद, सन १३३३ फसली, माहे खुर्दाद'. आपल्याकडच्या फसलीत ५९० मिळवायचे. वर्ष आजूर महिन्यानं ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळं १३३३ म्हणजे ऑक्टोबर १९२३ ते सप्टेंबर १९२४, आणि खुर्दाद म्हणजे एप्रिलच्या सुमाराला. म्हणजे एप्रिल १९२४. पावसाच्या आधी छत घालून घ्यायची घाई असणार.

खाली 'लोखंडी तुळया नग ११'. नग तुमच्या मोजणीशी तंतोतंत जुळतात. त्यांची रक्कम दोनदा लिहिलीय, कलदार २४० आणि हाली २८०. कलदार म्हणजे इंग्रजी रुपया, हाली म्हणजे निजामाचा. शंभर कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा दर असायचा, म्हणजे सहाला सात. २४० ला बरोबर २८० येतात. माल इंग्रजी हद्दीतून आला म्हणून कलदारात मोजावा लागला, घरचा हिशोब मात्र हालीत. त्यापुढं 'लातूर ठेसणाहून गाडीभाडे' आहे. आर्किटेक्टसाहेबांनी बैलगाडी बरोबर ओळखली होती.

चौथ्या पानावर घाणीच्या बैलांचा कडबा, गूळ आणि हिरडा. गूळ पाहून चुनाघाणी काकांची आठवण झाली.

म्हणजे तुमचं घर एका वेळचं नाही. मागचा वाडा १९१२-१३ चा किंवा त्याआधीचा, माडी १९२४ ची. आता दारच तेवढं १९१२ चं आणि मागचा वाडा आणखी जुना, अशी शंका उरते. त्याचं उत्तर कागदात नाही.


चुनाघाणी :

गूळ लिहून ठेवलाय हे वाचून बरं वाटलं. आमच्यात कुणी लिहून ठेवत नव्हतं.


सूनबाई_उदगीर :

दादा, खिडकीचं विसरू नका. भिंत उतरवताच आहात तर रचताना ठेवा.


मांजराकाठ :

सूनबाई वहिनी, दोन खिडक्या ठरल्यात. आर्किटेक्ट साहेब म्हणाले की कोपऱ्यापासून दूर आणि लहान ठेवल्या तर चालतील.

भावकीचं असं ठरलं : नऊपैकी पाच हिस्सेदार ठेवायच्या बाजूनं आहेत. उत्तरेचा सोपा ज्यांच्या वाट्याला आला त्यांनी त्यांचं लाकूड विकायचं ठरवलंय, पोरीच्या लग्नाचं निघालंय त्यांचं, मी काही बोललो नाही. खांब निघायच्या आधी मापं घेऊन, प्रत्येकावर खडूनं नंबर टाकून फोटो काढून ठेवले. माजघर, देवघर, ढाळज आणि माडी राहणार.

माती उतरवायला परवा सुरुवात केली. थर स्पष्ट दिसतात, एक पांढरा, एक मळकट, पुन्हा पांढरा. आम्ही मोजायला गेलो, पण खालच्या अंगाला सगळे एकजीव झालेत. तळाशी किलचांवर कडुनिंबाच्या पाल्याचा काळा चुरा मिळाला.

आणि मोडीलेखक सरांनी जी शंका ठेवली होती तिच्यासाठी ही गोष्ट. ढाळजेच्या पाठीमागं, जिथं जुनं माळवद माडीच्या भिंतीला येऊन भिडतं, तिथली माती काढल्यावर भिंतीत दगडी पन्हाळ निघालं. तोंड पूर्वेला, रस्त्याकडं. म्हणजे माडी व्हायच्या आधी माळवदाचं पाणी तिथून पुढं पडत होतं आणि माडी बांधताना ते तोंड आत बुजवलं. पन्हाळ ज्या दगडात आहे तो आणि गणेशपट्टीच्या वरचा दगड एकाच ओळीतले, एकाच टाकीचे (छिन्नीचे), सांधा सरळ खाली दारापर्यंत जातो. आर्किटेक्ट साहेब स्वतः येऊन पाहून गेले. ते म्हणाले दार मागून बसवलेलं नाही, भिंत आणि दार बरोबरीचं आहे.

फोटो टाकतोय. पन्हाळाच्या ओठाखाली दगडावर पाणी ओघळल्याचा पांढरा डाग अजून आहे, वीतभर लांब. तो दहा-अकरा पावसाळ्यांचाच असणार, पुढं तिथं पाणी आलंच नाही.